रपट्यावर पाणी होतं, दादा

दादा, त्या रविवारी सकाळी तू फोनवर म्हणालास, "आज नको जायला, वंदू. पाऊस फार आहे." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. पाऊस फार आहे म्हणून घरी बसणारा माणूस तू नव्हेस. पाऊस थोडा असला तर तू कुरकुरायचास आणि फार असला की तुझा चेहरा उजळायचा. "आज कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही," म्हणायचास, "आज सगळं रान आपलं." हे माहीत असूनही मी तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण तुझा आवाज नेहमीसारखा होता. खोटं बोलताना तुझा आवाज कधी बदलायचाच नाही.

वहिनींना तू सांगितलंस, वंदूबरोबर जातोय. मला सांगितलंस, जायचं नाही. मी कढईत पोहे परतत होते तेव्हा तू रेनकोट चढवून, दुर्बीण गळ्यात अडकवून बरुआसागरच्या रस्त्याला लागला होतास.

तुझे दिवसवार झाले. तुझा रोहित नोएडाला परत गेला, पाहुणे कराडला गेले, सतरंज्या मंडपवाल्याने गुंडाळून नेल्या. इथल्या, झाशीतल्या मराठी मंडळींनी मला तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला सांगितलेत. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला भांडण निघालं. चांगले शब्द येतील तेव्हा येतील. तू होतास तेव्हा तरी आपण कुठे गोड बोलत होतो.

कराडच्या लोकांना फोनवर सांगताना मला सगळ्यात जास्त त्रास 'रपटा' या शब्दाचा झाला. सुमनमावशी तीनतीनदा विचारत होती, "म्हणजे धरण का गं?" शेवटी म्हटलं, फरशी पूल. नाल्यावरची ती बुटकी सिमेंटची पट्टी, जिला कठडा नसतो आणि मोठा पाऊस झाला की जिच्यावरूनच पाणी जातं. तेव्हा तिला कळलं. मग म्हणाली, "पण त्याला दिसलं नाही का पाणी?"

दिसलं होतं मावशी. तेच तर सांगतेय.

तुझ्याकडे बसायला आलेल्या माणसांनी मला किती छळलं ते तुला सांगायचंय. दुसऱ्याच दिवशी आमच्या कॉलनीतल्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आवडीचं करता करता गेले. असं मरण भाग्यवंतालाच येतं." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "बाई, माझा भाऊ गढूळ पाण्यात बुडून गेला. त्यात आवडीचं काही नव्हतं." त्या मागे सरकून बसल्या. सुधीर माझ्याकडे बघत राहिला, पण तीस वर्षांच्या संसारात माझा नवरा एवढं शिकलाय की अशा वेळी मध्ये पडायचं नाही.

मग तुझ्या पलटणीतले ते मिशीवाले सरदारजी आले. तुझ्या फोटोसमोर उभे राहून सलाम केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेर था हमारा सूबेदार. डर किस चिड़िया का नाम है, जानता नहीं था." तोवर मी तीन रात्री झोपले नव्हते. मी म्हटलं, "शेर पानी देखकर रुक जाता है, भाईसाहब."  रोहित उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बुआ, प्लीज." तुझा मुलगा मला आत्या म्हणत नाही. त्यावरून तू त्याच्याशी जन्मभर भांडलास आणि जन्मभर हरलास.

मी त्या सरदारजींची माफी मागितली नाही. मागणारही नाही.

आता पहिल्यापासून सांगते, कारण हे भांडण त्या रविवारचं नाही.

माझ्या मुक्ताची बारावीची परीक्षा चालू होती. तू तेव्हा झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत होतास, फौजेतली नोकरी अजून संपली नव्हती. घरी येऊन चहा पिता पिता म्हणालास, "पुण्याला ड्यूटी निघालीय, आठवडाभर नाहीये मी." मी तुला डब्यात शंकरपाळी भरून दिली. तू पुण्याला गेला नव्हतास. तू कराडला गेला होतास, आईकडे. आई हॉस्पिटलमध्ये आहे हे तुला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, चुलत्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं. माझी शंकरपाळी तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून खाल्लीस की आणखी कोणाला वाटलीस, मला ठाऊक नाही. तुझा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी गाडीने पोहोचले तेव्हा घराच्या दारात निखारे विझवलेलं मडकं होतं आणि आत बायका बसल्या होत्या.

मी तुला तिथेच विचारलं, "मला का कळवलं नाहीस?" तू म्हणालास, "पोरीची परीक्षा होती."

एवढंच. जसं काही परीक्षा माझी होती आणि तू परीक्षक.

झाशीला परतल्यावर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू सिपरी बाजारात बिऱ्हाड केलं होतंस, मी कारखान्याच्या कॉलनीत, मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. तू फोन केलास की मी सुधीरच्या हातात द्यायचे. वहिनी आल्या तर चहा द्यायचे आणि तुझा विषय निघाला की स्वयंपाकघरात जायचे. उन्हाळा तसाच गेला. मग पावसाळ्यातल्या एका सकाळी, बाहेर धो धो चालू असताना, तू दारात उभा. अंगावर फौजी रेनकोट, हातात दुसरा तसाच रेनकोट, माझ्या मापाच्या दुप्पट.

"चल," म्हणालास.

"कुठे?"

"पाऊस पडतोय."

हे काही उत्तर आहे का? पण तू नुसता उभा होतास, आणि तुझ्या रेनकोटवरून पाणी ओघळून माझ्या पुसलेल्या फरशीवर डबकं होत होतं. डबकं वाढू नये म्हणून मी निघाले, असं मी सुधीरला नंतर सांगितलं.

तू मला बरुआसागरच्या तलावाच्या बांधावर नेलंस. किल्ला पावसात नीट दिसतही नव्हता. बांधावर आपण दोघं आणि अदरकाच्या वाफ्यांतून घाईने परतणारा एक शेतकरी, बाकी कोणी नाही. तू दुर्बीण आधी स्वतः लावलीस, भरपूर वेळ, मग माझ्याकडे दिलीस. कमळाच्या पानांवरून लांब शेपटीचा एक पक्षी चालला होता, आणि त्याच्या मागे कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं. मी म्हटलं, "आई आहे त्यांची?" तू म्हणालास, "बाप आहे. कमळपक्षी. अंडी तोच उबवतो, पोरं तोच सांभाळतो. बाई पुढच्या संसाराला लागली." आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. तू माझ्याकडे बघितलंस आणि लगेच दुसरीकडे.

त्यानंतरचे पावसाळे आपले. तू निवृत्त झालास, बिजौलीच्या एका फॅक्टरीत सिक्युरिटीचं काम धरलंस, आणि रविवार मोकळा ठेवलास. पावसात पक्षी बघायचे हा तुझा हट्ट. थंडीत दूरदेशीची बदकं येतात तेव्हा कोणीही बघतो, तुझं म्हणणं. पावसात इथलेच पक्षी घर मांडतात. तेव्हा ते खरे दिसतात. सुगरणी बाभळीवर लटकून विणताना मी तुझ्याबरोबर बघितल्या. भर पावसात नदीकाठच्या झाडीत नवरंग बघितला, हिरवा, निळा, पोटाशी लाल, आणि तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला. पावशा ओरडायला लागला की आपण दोघं एकदमच "पेरते व्हा" म्हणायचो. रामसेवक, रपट्याअलीकडचा तो चहावाला, आपल्याला हसायचा. "बाबूजी, जो तो पी कहाँ कै रओ." तू त्याला म्हणायचास, "तुम्हारे यहाँ कहता होगा."

हे सगळं तू मला दिलंस. मी नाही म्हणत नाही. पण दिलंस कसं, तेही सांगते. मी तोंड उघडलं की "शूः". मी छत्री उघडली की "बंद कर, पक्षी बुजतात". मी पक्षी आधी बघितला तर तू म्हणायचास, "तो काय, नेहमीचाच." तू बघितलास तर तो दुर्मीळ. गुडघाभर चिखलात तू मला उभी करायचास आणि पाय काढता आला नाही तर म्हणायचास, "वजन कमी कर." वहिनींना तू एकदाही आणलं नाहीस. त्या म्हणाल्या होत्या एकदा, मी ऐकलंय, "मीही येऊ का?" आणि तू म्हणालास, "तुला काय कळणार त्यात." मला तरी काय कळत होतं, दादा? तू मला शिकवलंस म्हणून कळलं. तिलाही शिकवायचंस.

आणि आईबद्दल मी कधी विचारलं की तू दुर्बीण डोळ्यांना लावायचास. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तो पावसातला पहिला रविवार हीच तुझी माफी. तुला तोंडाने म्हणता येत नाही म्हणून तू मला रेनकोट आणलास. कित्येक वर्षं मी त्यावर भागवलं. पण माणसाला कधीतरी ऐकायचं असतं. आपलं वय झालं, गुडघे बोलायला लागले, आता तरी हा सांगेल असं वाटायचं.

मग सारस आले.

रपट्याच्या पलीकडे, गावाच्या अलीकडे, पाणथळ शेताच्या तुकड्यात ती जोडी दरवर्षी घरटं करायची. पाण्याच्या मधोमध गवताचा ढीग, त्यावर अंडी. माणसाएवढे उंच ते दोन पक्षी, आळीपाळीने बसायचे. तुला कोणीतरी शेतकऱ्याने सांगितलं होतं की पाणी चढायला लागलं की सारस घरटं उंच करतात. दोघं मिळून लव्हाळे, गवत, जे मिळेल ते ओढून आणतात आणि अंड्यांखाली भर घालतात. ते तुला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दर पावसाळ्यात तेच तुणतुणं. पण बघायचं तर पाणी चढत असताना तिथे असायला हवं, आणि पाणी चढलं की रपटा बुडतो, तिथे जाताच येत नाही. पाणी उतरल्यावर आपण पोहोचायचो तोवर घरटं उंच झालेलं असायचं आणि सारस आपल्याकडे बघत आरामात बसलेले.

मी तुला सोपा उपाय सांगितला होता. पावसाचा अंदाज असला की आदल्या दिवशीच पलीकडे जायचं आणि गावात कोणाकडे तरी राहायचं. रामसेवकचे मेहुणे तिथेच राहतात, तो स्वतः म्हणाला होता. तू म्हणालास, "कोणाच्या दारात रात्रीपुरता आसरा मागायचा, या वयात?" तुला मागायला नको होतं. एका ओसरीवर चटई मागायची तुला लाज वाटत होती. आता त्या लाजेचं काय करू मी?

तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी आपण दोघं तिथे होतो. पाऊस बेताचा होता, रपटा कोरडा होता. शेताच्या बांधावर आपण उकिडवे बसलो होतो, मादी घरट्यावर होती, नर दूर चरत होता. मी मनात काही ठरवून गेले नव्हते. अंड्यांवर बसलेल्या त्या मादीकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, आईचं मला का कळवलं नाहीस?"

तू म्हणालास, "शूः. उठतेय ती."

ती उठत नव्हती. ती पंख सारखे करत होती. मी म्हटलं, "आज शूः नको करूस. मला सांग."

"सांगितलंय तुला. मुक्ताची परीक्षा होती."

"परीक्षा पुढच्या वर्षीही झाली असती. आई नाही."

 पाऊस वाढला. मी छत्री उघडली आणि तू ती बंद करायला सांगितली नाहीस, तेव्हाच मला वाटलं की आज काहीतरी होईल. मी म्हटलं, "तू माझ्यासाठी ठरवायचा कोण? मला रडायचं होतं तिच्याजवळ बसून. तिचा हात धरायचा होता. तू तो धरलास, मी घरी बसून पोरीची केमिस्ट्री घेत होते." माझा आवाज चढला असणार, कारण दूर चरणाऱ्या नराने मान वर केली. तू उठलास. पँट झटकलीस. आणि म्हणालास, "पुढच्या रविवारी बोलू."

मी तो शब्द धरून ठेवला. आठवडाभर मी मनात प्रश्न लावत होते. तुला काय विचारायचं, कुठून सुरू करायचं. आणि रविवारी तू फोन करून म्हणालास, आज नको जायला.

मला आता दोनच गोष्टी कळतात आणि दोन्ही मला सहन होत नाहीत. एक म्हणजे रात्रभर पाऊस झाल्यावर रपटा बुडाला असणार हे तुला पक्कं माहीत होतं, आणि मी बरोबर असते तर तुला पाण्यात पाय घालू दिला नसता. दुसरी म्हणजे मी बरोबर असते तर तुला बोलावं लागलं असतं. कोणत्या कारणाने तू मला टाळलंस, दादा? पाणी ओलांडायला मोकळा राहावास म्हणून, की माझा प्रश्न नको म्हणून? आता हे कोण सांगणार मला?

दुपारी वहिनींचा फोन आला. त्या सहजच बोलल्या, "वन्सं, यांचा फोन लागत नाहीये. तुम्ही दोघं निघालात का तिकडून? जेवायला थांबू ना?" मी हातात भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होते. मी म्हटलं, "वहिनी, मी घरीच आहे."   मग त्या म्हणाल्या, "ते तर तुमच्याबरोबर गेलेत." एवढा वेळ तू गेलेला होतास आणि आम्हा दोघींनाही वाटत होतं की तू दुसरीजवळ सुखरूप आहेस. एका खोट्यामुळे तुला शोधायला कोणी निघालंच नव्हतं. हे तुला माफ करता येत नाही मला. बाकीचं एक वेळ येईल.

सुधीरने गाडी काढली. वहिनींना वाटेत घेतलं. पाऊस थांबला होता, रस्त्यावर सगळीकडे पाणी होतं. रामसेवकच्या टपरीसमोर पोलिसांची जीप उभी होती आणि माणसं नाल्याकडे तोंड करून उभी होती. रामसेवक मला बघून पुढे आला. हात जोडलेले होते.

"हमने तो मना करो तो, बैनजी. कई ती, बाबूजी, तनक बैठ जाओ, पानी उतर जैहै. चाय धरी ती सामने. बे मानेई नईं."

"क्या बोले?" मी विचारलं.

"बोले, फौजी आदमी हूँ, ऐसे नाले बहुत देखे हैं."

चहा त्याने तुझ्यासमोर ठेवला होता. पाणी उतरेपर्यंत बसायचं होतं, एवढंच काम होतं. तू चहासुद्धा अर्धा टाकून उठलास. तुझी मोटारसायकल निम्म्या रपट्यापर्यंत गेली, मग पुढचं चाक सरकलं, असं बघणारे सांगत होते. ती खाली बेशरमाच्या झुडपात अडकली होती. तू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलास, आणखी खाली. सुधीर आणि रोहित गेले. मला त्यांनी जाऊ दिलं नाही. पुन्हा एकदा माझ्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी पुन्हा घरी बसले.

तुला एक माहीत आहे का? या गावात माझ्याशी मराठीत भांडणारा तू एकटाच होतास. सुधीरशी मी मराठी बोलते, पण तो भांडत नाही. मुक्ताला मराठी कळते, उत्तर हिंदीत येतं. भाजीवाल्याशी, कामवालीशी, शेजारणीशी, बँकेत, सगळीकडे जी आणि भैया. त्या भाषेत मी सभ्य असते. तुझ्याशी बोलताना मी कराडची व्हायचे, तोंडाळ, हट्टी. तू गेलास आणि ती बाई कुठे ठेवायची ते मला कळेना.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "मला ती जागा बघायचीय." रोहितने फोनवर नको म्हटलं, सुधीरने नको म्हटलं. मी म्हटलं, चला. आम्ही दोघी बसने बरुआसागरपर्यंत गेलो आणि पुढे टमटमने. भुरभुर पाऊस होता. वहिनींनी तुझा जुना रेनकोट घातला होता, बाह्या दुमडून. रपट्यावर पाणी नव्हतं, नुसता चिखल. त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या, "एवढाच आहे?"

एवढाच आहे, दादा. पाच-दहा ढांगांत संपतो.

आम्ही चालत पलीकडे गेलो. शेतात घरटं नव्हतं. ढीग वाहून गेला होता, गवताच्या चार काड्या कुंपणाला लागल्या होत्या. जवळच्या शेतात काम करणारी बाई म्हणाली, त्या शनिवारी रात्रीच पाणी एकदम चढलं, सकाळपर्यंत घरटं गेलं होतं. म्हणजे तू किक मारलीस तेव्हा बघायला तिथे काहीच उरलं नव्हतं. सारसांनाही ते उंच करता आलं नव्हतं. जोडी तिकडच्या शेतात चरत होती, दोघंच. मी वहिनींना माझी दुर्बीण दिली. त्यांनी ती उलटी धरली, मी सरळ करून दिली. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"केवढे मोठे आहेत," म्हणाल्या. "मला वाटलं होतं बगळ्याएवढे असतील."

परत येताना रपट्याच्या मध्यावर त्या थांबल्या. खाली बघत म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला एक सांगायचंय. ते गेले म्हणून सांगते. आईंचं तुम्हाला कळवू नका, असं आईंनीच सांगितलं होतं."

मला आधी समजलंच नाही.

"हॉस्पिटलमधून त्यांनीच यांना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, वंदू पोरीची परीक्षा टाकून धावत येईल, मी ओळखते तिला. तिला कळवलंस तर तोंड बघणार नाही तुझं. हे म्हणाले, आई, ती मला आयुष्यभर बोलेल. तर आई म्हणाल्या, बोलू दे. तुला सवय आहे."

वहिनी सांगत होत्या आणि मला तुझा बांधावरचा चेहरा दिसत होता, पँट झटकतानाचा. इतकी वर्षं. मी तुला स्वार्थी म्हटलं, हुकूमशहा म्हटलं, एकदा तर म्हटलं की आईला तू माझ्यापासून चोरलंस. आणि तू दुर्बीण डोळ्यांना लावून "शूः" म्हणत बसलास. एकदा तरी म्हणायचंस, मी नाही, तिने ठरवलं. मी आईवर रागावले असते. तिच्यावर रागवायचा हक्क होता मला, ती माझी आई होती. तू तोही स्वतःकडे घेऊन ठेवलास. तुला कोणी सांगितलं होतं? आईने सांगितलं म्हणून काय झालं, तू काय अजून पलटणीत होतास, वरून आलेला शब्द पाळायला?

मी वहिनींवर ओरडले. "मग तुम्ही तरी सांगायचं मला. तुम्हाला माहीत होतं."

"यांनी शपथ घातली होती."

"शपथ कसली पाळताय? माणूस एका उत्तरासाठी उपाशी बसलं होतं इकडे."

"हो," त्या म्हणाल्या.

त्या हो म्हणाल्या आणि माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. तुझ्याबद्दल, आईबद्दल, चहाच्या अर्ध्या पेल्याबद्दल, वहिनींना घरी ठेवल्याबद्दल, त्या सरदारजींबद्दलसुद्धा. टपरीतून रामसेवक बाहेर येऊन बघत होता, त्याला एक अक्षर कळत नसणार. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मी दमले तेव्हा त्यांनी वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"बोला अजून," म्हणाल्या. "घर फार गप्प झालंय वन्सं. ते सकाळी उठल्यापासून कोणावर ना कोणावर तरी चिडलेले असायचे. आता नळाचा आवाज ऐकू येतो. तुम्हाला कोणावर तरी रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मला चालेल."

 आम्ही चिखलातून अलीकडे आलो, टमटमची वाट बघत टपरीच्या छपराखाली उभ्या राहिलो. त्यांनी रेनकोटच्या बाह्या पिळल्या.

"झालं का बोलून?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग रविवारी या," त्या म्हणाल्या. "लवकर या. जेवायलाच या."